सदतीस दिवसांत कोणी थांबले का नाही?

इतिहासाच्या तासाला पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की उत्तर ठरलेले असते. २८ जून १९१४, साराजेव्हो, ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड, मारेकरी गाव्ह्रिलो प्रिन्सिप. प्रश्नमंजूषेत हा प्रश्न आला तर निम्मा वर्ग हात वर करतो. या वर्षी मात्र नववीतल्या एका कॅडेटने वेगळेच विचारले. त्याने वहीत तारखा एकाखाली एक मांडल्या होत्या. गोळी झाडली गेली २८ जूनला आणि ब्रिटन युद्धात उतरले ४ ऑगस्टला. "सर, मध्ये सदतीस दिवस आहेत. एवढ्या दिवसांत कोणी थांबले का नाही?"

घंटा व्हायला दोन मिनिटे होती. "पुढच्या तासाला सांगतो," असे म्हणून मी सुटका करून घेतली. शिक्षकांचे हे जुने शस्त्र आहे. पण त्या मुलाचा प्रश्न डोक्यातून गेला नाही, आणि तो एका तासात संपणाराही नव्हता. म्हणून हा लेख.

युद्ध का होते, असे विचारले तर आपल्या निबंधांत सहसा एकच उत्तर येते: शत्रू दुष्ट होता, लोभी होता, त्याला दुसऱ्याची जमीन हवी होती. काही युद्धांबाबत हे खरे आहे. हिटलरच्या युद्धाला दुसरे कारण शोधत बसायची गरज नाही. पण १९१४ च्या उन्हाळ्यात युरोपातल्या राजधान्यांत जी माणसे बसली होती, त्यांपैकी कोणालाही महायुद्ध नको होते. तरी ते झाले. माझे मत असे आहे की बलाढ्य राष्ट्रे युद्धात उतरतात ती बहुतेक वेळा आजच्या लोभापेक्षा उद्याच्या भीतीने. "आज आपण जिंकू शकतो, उद्या कदाचित नाही," हा हिशेब एकदा मनात बसला की शांतता महाग वाटू लागते.

जर्मनीचेच पाहा. १९१४ साली जमिनीवर जर्मन सैन्याच्या तोडीचे सैन्य युरोपात नव्हते. मग भीती कसली? भीती होती १९१७ ची. जपानकडून १९०५ मध्ये मार खाल्लेला रशिया पुन्हा उभा राहत होता. फ्रान्सच्या कर्जातून पश्चिम सरहद्दीकडे येणारे लोहमार्ग टाकले जात होते आणि सैन्यवाढीचा मोठा कार्यक्रम १९१७ पर्यंत पुरा व्हायचा होता. जर्मनीची सारी युद्धयोजना एका गृहीतावर उभी होती: रशियाला जमवाजमव करायला वेळ लागतो, तेवढ्यात, म्हणजे सुमारे सहा आठवड्यांत, फ्रान्सला लोळवायचे आणि मग फौज पूर्वेकडे वळवायची. रशियाचे रूळ वाढले की हे सहा आठवडे हातचे गेले. जर्मन सेनाप्रमुख मोल्टके १९१२ पासूनच सांगत होता की युद्ध व्हायचेच असेल तर जितक्या लवकर होईल तितके बरे.

ऑस्ट्रियाची भीती आणखी वेगळी. त्या साम्राज्यात दहा-अकरा भाषा बोलणारे लोक एका सम्राटाखाली नांदत होते, आणि शेजारच्या सर्बियाने १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत आपला मुलूख जवळजवळ दुप्पट केला होता. आपल्या स्लाव्ह प्रजेनेही उद्या तोच रस्ता धरला तर? रशियाला भीती होती की १९०८-०९ च्या बोस्नियाच्या प्रकरणात माघार घेतली, आता पुन्हा घेतली तर मोठे राष्ट्र म्हणून कोण मोजणार? फ्रान्सला भीती होती की रशिया सुटला तर जर्मनीसमोर आपण एकटे. ब्रिटनला समुद्राची काळजी होती. प्रत्येक जण स्वतःला बचावाच्या पवित्र्यात समजत होता, आणि प्रत्येकाचा बचाव समोरच्याला हल्ल्याची तयारी वाटत होता.

हे काही विसाव्या शतकाने शोधून काढलेले नाही. अथेन्स आणि स्पार्टा यांच्या युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या थ्युसिडिडीसने सुमारे २४०० वर्षांपूर्वी नेमके हेच म्हटले: अथेन्सची वाढती ताकद आणि तिच्यामुळे स्पार्टाला वाटणारी भीती हे युद्धाचे खरे कारण. (हा थ्युसिडिडीस स्वतः सेनापती होता. ॲम्फिपोलिस वाचवायला वेळेवर पोहोचला नाही म्हणून अथेन्सने त्याला वीस वर्षे हद्दपार केले, आणि त्या सक्तीच्या सवडीत तो लिहिता राहिला. नापास झालेल्या सेनापतीचे पुस्तक आज जगभरच्या सैनिकी महाविद्यालयांत शिकवले जाते, हे परीक्षेत कमी गुण पडलेल्या कॅडेटांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.)

आता ते सदतीस दिवस. ५ जुलैला जर्मन सम्राट विल्हेल्मने ऑस्ट्रियाला सांगितले की तुम्ही सर्बियाबाबत काय वाटेल ते करा, आम्ही पाठीशी आहोत. कोऱ्या चेकवर सही केली आणि दुसऱ्या दिवशी स्वारी नॉर्वेच्या किनाऱ्याकडे जहाजाने सहलीला गेली. ऑस्ट्रियाने पुढचे अडीच आठवडे घोळ घातला. हत्येनंतर लगेच काही केले असते तर युरोपची सहानुभूती त्यांच्याकडे होती. पण खलिता गेला २३ जुलैला, मुदत ४८ तासांची. सर्बियाने २५ तारखेला उत्तर दिले आणि बहुतेक मागण्या मान्य केल्या. विल्हेल्मने ते उत्तर वाचले २८ जुलैच्या सकाळी. वाचून त्याने कागदाच्या कडेला शेरा मारला, त्याचा आशय असा की आता युद्धाचे कारणच उरले नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले.

तीन दिवस. उत्तर येऊन पडले होते आणि ज्याच्या एका शब्दावर ऑस्ट्रिया थांबला असता, त्याने ते तीन दिवसांनी वाचले. मी हा प्रसंग शिकवतो तेव्हा दर वेळी इथे थबकतो.

पुढचे काम यंत्राने केले. रशियाच्या झारने सर्वंकष जमवाजमवीचा हुकूम दिला, विल्हेल्मची तार आल्यावर मागे घेतला आणि सेनापतींच्या आग्रहाने ३० जुलैला पुन्हा दिला. कारण अर्धवट जमवाजमवीची योजनाच तयार नव्हती. एकदा रेल्वेगाड्यांचा गोंधळ झाला की पूर्ण जमवाजमव अशक्य होणार होती. १ ऑगस्टला तर याहून नवल घडले. ब्रिटन कदाचित फ्रान्सला युद्धाबाहेर ठेवील, अशी चुकीची बातमी लंडनहून बर्लिनला आली. आनंदलेल्या विल्हेल्मने मोल्टकेला सांगितले, मग सारे सैन्य पूर्वेकडे न्या. मोल्टके म्हणाला, ते होणार नाही. अकरा हजार गाड्यांचे वेळापत्रक वर्षभर खपून बसवले आहे, ते एका रात्रीत फिरवता येत नाही. गंमत अशी की युद्धानंतर जर्मन सैन्याच्या रेल्वे विभागाच्याच प्रमुखाने पुस्तक लिहून दाखवून दिले की ते फिरवता आले असते.

आपल्या शाळांत नियोजनाचे महत्त्व सांगितले जाते, आणि ते सांगायलाच हवे. पण ज्या योजनेत थांबण्याची जागा नाही ती योजना तुम्हाला चालवते, तुम्ही तिला चालवत नाही. जर्मनीकडे एकच योजना होती, आणि तिचा रस्ता बेल्जियममधून जात होता. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या करारात ब्रिटनने आणि खुद्द प्रशियानेही दिली होती. जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या आणि ब्रिटन युद्धात आले. रशियाशी भांडण, पण पहिला हल्ला बेल्जियमवर. योजनेच्या सोयीसाठी एक जादा शत्रू ओढवून घेतला.

आणि ब्रिटन आले म्हणजे हिंदुस्थान आपोआप आला. इथे कोणी विचारलेसुद्धा नाही. साताऱ्याकडच्या, कोकणातल्या कित्येक गावांत आजही दगडी पाट्या दिसतात: या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नावे नसतात, फक्त आकडे. आपले वाचक देशभर विखुरलेले आहेत, पण सुटीत गावी गेलात तर चावडीजवळ किंवा देवळाच्या आसपास अशी पाटी आहे का, पाहा. साराजेव्हो हे नाव त्या माणसांनी ऐकलेही नसेल. हिंदुस्थानातून तेरा लाखांहून अधिक लोक त्या युद्धात गेले आणि सुमारे ७४,००० परतले नाहीत.

महाराष्ट्रातल्या पलटणींच्या वाट्याला आला तो मुख्यतः इराकचा, तेव्हाच्या मेसोपोटेमियाचा मुलूख. पुणे डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये इराणच्या आखाताच्या टोकाशी फाव येथे उतरली. का? ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलावर जात होते, तेल अबादानच्या कारखान्यातून येत होते, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने त्या तेल कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग घेतले होते. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरताच तेल वाचवणे आले. तेल वाचले, बसरा मिळाले, मग लोभ सुटला आणि फौज बगदादकडे निघाली. तिथून मागे रेटली जाऊन ती डिसेंबर १९१५ मध्ये कुत अल अमारा येथे वेढ्यात सापडली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्या डिव्हिजनमध्ये होत्या. पुढचे जवळजवळ पाच महिने उपासमार, घोड्यांचे मांस, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली आणि त्यांतली हजारो वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांत मेली. अबादानचे तेल राखायला गेलेली माणसे बगदादच्या मोहाला बळी पडली. बचावासाठी सुरू झालेले युद्ध पुढे सरकता सरकता कसे भलतेच होऊन बसते, त्याचे याहून जवळचे उदाहरण आपल्याला शोधायला नको.

या युद्धापायी जर्मन, ऑस्ट्रियन, रशियन आणि तुर्की अशी चार साम्राज्ये नकाशावरून पुसली गेली. जगाची जुनी घडी मोडली होती. नवी घडी कशी बसवायची, हा प्रश्न रणांगणावर सुटत नाही, तो टेबलावर सुटतो. आणि माझ्या मते १९१४ पेक्षाही १९१९ कडून शिकण्यासारखे जास्त आहे.

शंभर वर्षे मागे जा. १८१५ मध्ये नेपोलियनचा पाडाव झाला. वीस-बावीस वर्षे सगळ्या युरोपला हैराण करणारा फ्रान्स जेत्यांच्या पायाशी पडला होता. त्यांनी काय केले? व्हिएन्नाच्या परिषदेत फ्रान्सचा मंत्री तालेराँ याला चर्चेत जागा मिळाली. वॉटर्लूनंतर दंड बसवला, काही वर्षे सैन्य ठेवले, पण १८१८ मध्ये ते काढून घेऊन फ्रान्सला मोठ्या राष्ट्रांच्या पंगतीत बसवले. हे लोक काही उदारमतवादी नव्हते. पोलंडच्या किंवा इटलीच्या जनतेला त्यांनी काडीची किंमत दिली नाही. तरी एक गोष्ट त्यांना कळली होती. हरलेल्या मोठ्या राष्ट्राला नव्या व्यवस्थेत जागा नसेल तर ती व्यवस्था मोडणे हेच त्याचे काम होऊन बसते. त्यानंतर ९९ वर्षे युरोपात युद्धे झाली, पण सारा युरोप एकदम पेटला नाही.

१८७१ मध्ये बिस्मार्कला हे भान राहिले नाही, किंवा त्याला सेनापतींनी राहू दिले नाही. पाच वर्षांपूर्वी ऑस्ट्रियाला हरवल्यावर त्याने तिची वीतभर जमीन घेतली नव्हती, आणि ती पुढे मित्र झाली. फ्रान्सकडून मात्र आल्सास आणि लोरेनचा भाग घेतला. त्यातही जर्मन साम्राज्याची घोषणा केली ती व्हर्सायच्या आरसेमहालात, म्हणजे फ्रेंच राजांच्या दिवाणखान्यात. १९१९ मध्ये फ्रान्सने त्याच महालात जर्मनीला सही करायला लावली, आणि दिवस निवडला २८ जून, साराजेव्होच्या हत्येचा पाचवा स्मृतिदिन. तहाच्या चर्चेत जर्मनीला बसू दिले नव्हते. रशियाला बोलावलेच नव्हते. अमेरिकेच्या अध्यक्षांनी राष्ट्रसंघाची कल्पना मांडली आणि त्यांच्याच सिनेटने तह फेटाळला. म्हणजे येत्या वीस वर्षांत जग हलवू शकणारी तीन राष्ट्रे, आणि तिन्ही नव्या घडीच्या बाहेर.

व्हर्सायचा तह फार कडक होता, असे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. मला ते पुरेसे वाटत नाही. मार्च १९१८ मध्ये खुद्द जर्मनीने रशियावर लादलेला ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा तह याहून कितीतरी कडक होता. व्हर्सायचे दुखणे हे की त्याने जर्मनीला दुखावले, पण दुबळे केले नाही, आणि आपलेसे तर मुळीच केले नाही. साप डिवचला आणि सोडून दिला. त्यापुढचे सर्वांना ठाऊक आहे. ज्या रेल्वेच्या डब्यात १९१८ मध्ये जर्मनांनी युद्धबंदीवर सही केली होती, तोच डबा हिटलरने जून १९४० मध्ये संग्रहालयातून काढून कॉम्पिएन्याच्या रानातल्या त्याच जागेवर उभा केला आणि फ्रेंचांना तिथे सही करायला लावली.

१९४५ मध्ये जेते थोडे शहाणे झाले होते. जर्मनी आणि जपान यांना पुढे उभे राहायला मदत मिळाली. संयुक्त राष्ट्रसंघात मोठ्या पाच राष्ट्रांना नकाराधिकार दिला. हा अधिकार अन्यायाचा आहे, यात शंका नाही; पण त्यामागचा विचार १९१९ मधून आला होता, की मोठे राष्ट्र बाहेर रुसून बसण्यापेक्षा आत अडून बसलेले बरे. भारताची सही त्या सनदेवर आहे, आणि व्हर्सायच्या तहावरही होती. तिथे बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी सही केली. दोन्ही वेळी आपण पारतंत्र्यात होतो. माणसे आपली गेली, नियम दुसऱ्यांनी लिहिले. सुरक्षा परिषदेच्या कायम सदस्यांची यादी आजही १९४५ चीच आहे. जगाची घडी बहुधा मोठ्या युद्धानंतरच बदलते आणि त्या वेळी टेबलावर कोण होते यावर पुढची पन्नास-शंभर वर्षे ठरतात, हे वाचून कोणी म्हणेल की मग आपल्यालाही युद्धाचीच वाट पाहायला हवी.

तसे नाही, आणि इथे मला अलीकडे फार ऐकू येणाऱ्या एका मताला विरोध करायचा आहे. उगवते राष्ट्र आणि मावळते राष्ट्र यांची टक्कर अटळच असते, असे हे मत. थ्युसिडिडीसचे नाव घेऊन ते सांगितले जाते. पण १८९५ मध्ये व्हेनेझुएलाच्या सरहद्दीवरून अमेरिका आणि ब्रिटन युद्धाच्या उंबरठ्यावर आले होते. तेव्हा जगातले पहिले आरमार ब्रिटनचे होते. ब्रिटनने लवाद मान्य केला, पुढे १९०१ मध्ये मध्य अमेरिकेतल्या कालव्यावरचा आपला हक्कही सोडला, आणि एक गोळी न झाडता पश्चिम गोलार्धातले पहिले स्थान अमेरिकेला दिले. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला, तेव्हा हजारो अण्वस्त्रे बाळगणारे एक साम्राज्य महायुद्धाविना संपले. अटळ म्हणणे सोपे असते, कारण मग कोणाची जबाबदारी राहत नाही.

ऑक्टोबर १९६२ हे तर त्या कॅडेटच्या प्रश्नाचे सरळ उत्तर आहे. आपल्याला तो महिना आठवतो तो चीनच्या हल्ल्यामुळे. त्याच आठवड्यांत तिकडे क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या कडेला आले होते. सेनाप्रमुख ताबडतोब हवाई हल्ला करा म्हणत होते. अध्यक्ष केनेडी यांनी त्याच वर्षी बार्बरा टकमन यांचे 'द गन्स ऑफ ऑगस्ट' हे १९१४ वरचे पुस्तक वाचले होते आणि अधिकाऱ्यांनाही वाचायला लावले होते. त्यांनी हल्ल्याऐवजी समुद्रात नाकेबंदी केली, म्हणजे समोरच्याला विचार करायला दिवस मिळाले. क्यूबावर स्वारी न करण्याचे उघड वचन दिले आणि तुर्कस्तानातली स्वतःची क्षेपणास्त्रे गुपचूप काढून घेण्याचे कबूल केले. ख्रुश्चेव्ह यांना तोंड न काळवंडता मागे फिरता आले. तेरा दिवसांत थांबले, कारण थांबायची जागा मुद्दाम ठेवली होती.

काही पालक मला विचारतात, मुले उद्या अधिकारी होणार, त्यांना लढायचे शिकवा. युद्ध का होते हे मंत्र्यांनी पाहावे. लोकशाहीत युद्धाचा निर्णय सैन्य घेत नाही, हे खरेच आहे आणि तसेच असावे. पण निर्णय घेणारा जेव्हा वळून विचारतो, "दुसरा काही मार्ग आहे का?", तेव्हा उत्तर वर्दीतल्या माणसाला द्यावे लागते. १ ऑगस्ट १९१४ ला विल्हेल्मने ते विचारले होते. मोल्टकेकडे अकरा हजार गाड्या होत्या, दुसरा मार्ग नव्हता.

पुढच्या तासाला मी वर्गाचे पाच गट केले. व्हिएन्ना, बेलग्रेड, बर्लिन, सेंट पीटर्सबर्ग, लंडन. प्रत्येकाला आपली भीती काय ती चिठ्ठीवर लिहून दिली आणि एकमेकांना फक्त तारा पाठवायची मुभा ठेवली. बावीस मिनिटांत महायुद्ध सुरू झाले. मुले हिरमुसली, पुन्हा खेळू म्हणाली. दुसऱ्या खेपेला बेलग्रेडची चिठ्ठी आली तेव्हा बर्लिनच्या टेबलावरचा मुलगा दुसऱ्याशी बोलत होता. तारखा मांडणारा आमचा कॅडेट लंडनच्या टेबलावरून ओरडला, "अरे, आधी ती उघड!"